ट्रंकेतला फोटो



दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या वस्त्यांतून मुले बाहेर पडू लागतात. कोणी शिकायला पुण्याला जातो, कोणी नोकरीसाठी मुंबईला, तर कोणी हैदराबाद-बंगळुरूला. आता मुलीही जातात, ही तर फार आनंदाची गोष्ट. घरची माणसे स्टँडपर्यंत पोचवायला येतात. गाडी हलली, की आई पदर डोळ्यांना लावते आणि बाप दुसरीकडे बघतो. पण पुढे त्या परक्या शहरात आपल्या लेकराचे दिवस कसे जातात, हे घरी फारसे कळत नाही. मुले सांगत नाहीत. आम्हीही सांगितले नव्हते. आता पन्नाशी उलटली, म्हणून लिहायला बसलो आहोत.

आम्ही मुंबईला आलो ते १९९६ च्या जून महिन्यात. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातले आमचे खेडे. आई-बाबा दोघेही शेतमजूर. घरात आम्ही थोरले, पाठीवर दोन बहिणी आणि एक भाऊ. खामगावला आय.टी.आय. करून टर्नरचे सर्टिफिकेट हाती आले होते. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा वर्कशॉपात लेथवर माणूस पाहिजे, असे ओळखीच्या एकाने कळवले आणि आम्ही निघालो. आईने पत्र्याची ट्रंक भरली. ज्वारीचे पीठ, तिखटाची पुडी, ठेचा, एक गोधडी आणि कपड्यांचे दोन जोड. सगळ्यांत शेवटी बाबांनी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कपड्यांवर अलगद ठेवला.

"खोली भेटली की पहिले हा लाव," बाबा म्हणाले. "मंग बाकीचं सामान काढ."

मलकापूरहून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी दादरला उतरलो. नायगावच्या बी.डी.डी. चाळीत आमच्या आईचे एक लांबचे मावसभाऊ राहत. पहिला दीड महिना त्यांच्याकडे काढला. ब्रिटिश अमदानीत, १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी. एकशेसाठ चौरस फुटांची एक खोली आणि त्यात घरची आठ माणसे. आम्ही नववे. रात्री बाहेर व्हरांड्यात अंथरूण टाकायचे. मामींनी कधी वाकडा शब्द काढला नाही. उलट पहिली भाकरी आमच्या ताटात पडायची. पण नववे माणूस म्हणजे काय, हे आम्हाला कळत होते. सकाळी संडासाच्या रांगेत मामांच्या मुलांची शाळेची वेळ आमच्यामुळे चुकायची.

एकट्याने मुंबईला येणे आपल्या समाजाला नवे नाही. गिरण्या सुरू झाल्या तेव्हापासून कोकणातून, घाटावरून आपले लोक येत राहिले. कोकणातल्या गावांनी तर मुंबईत मंडळाच्या खोल्या घेतल्या होत्या. गावचा कोणीही माणूस आला, की वळकटी तिथे टाकायची आणि कामाला लागायचे. स्वतः बाबासाहेबांची बरीच वर्षे परळच्या चाळीत गेली. पण शहरात आले म्हणजे जात गावात राहिली, असे झाले नाही. गिरण्यांच्या विणकाम खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून त्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. पगार मात्र त्याच खात्यात जास्त होता. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला होता. हे सगळे आम्ही ऐकले होते, वाचले होते. पण ते जुन्या काळचे, असे आम्हाला वाटत होते.

ऑगस्टमध्ये वर्कशॉपच्या जवळ खोली शोधायला लागलो. पहिल्या ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी घरमालकाने आधी गाव विचारले, मग आडनाव, मग 'म्हणजे तुम्ही कोण?' आम्ही सरळ सांगितले. ते म्हणाले, 'उद्या कळवतो.' तो उद्या अजून आलेला नाही. तिसरी खोली चांगली होती. दहा बाय दहा, वर कौले, कोपऱ्यात मोरी. मालक साठीचे, बोलायला गोड. त्यांनीही आडनाव विचारले. आमचे आडनाव असे, की ते आपल्यातही असते आणि दुसऱ्यांतही असते. ते ऐकून मालक खूश झाले. म्हणाले, "अरे, म्हणजे आपल्यातलाच की!"

आम्ही काही बोललो नाही. खोटे बोललो नाही, एवढेच. मान खाली घालून पाच हजार रुपये डिपॉझिट मोजून दिले. ते पैसे बाबांनी उसनवार करून पाठवले होते. त्या दिवशी खोलीत आल्यावर ट्रंक उघडली, कपडे काढले, पीठ काढले. समोरच्या भिंतीला एक खिळा आधीच ठोकलेला होता. फोटो मात्र ट्रंकेतच राहिला.

आता रोजच्या जगण्याचे सांगतो. आमचा पगार अठराशे रुपये. त्यातून भाडे पाचशे, घरी मनिऑर्डर सहाशे, दुपारच्या डब्याचे तीनशे. उरले चारशे. त्यात रॉकेल, साबण, चहा, दाढी आणि औषधपाणी. कामावर चालत जायचो, म्हणून बसचे वाचत. रेशनकार्ड गावी बाबांच्या नावावर, त्यामुळे इथे रेशनचे रॉकेल मिळायचे नाही. दुकानाबाहेर कॅनवाल्याकडून दीडपट-दुप्पट भावाने घ्यावे लागे. पाणी पहाटे साडेचारला यायचे आणि साडेपाचला जायचे. एखाद्या दिवशी डोळा लागला, तर दिवसभर एका बादलीत भागवायचे. घरात दुसरे माणूस असले, की एक पाण्याला उभा राहतो, दुसरा चूल पेटवतो. एकट्या माणसाला नळावर जायचे तर स्टो बंद करावा लागतो, आणि स्टोजवळ बसायचे तर पाणी जाते. हे फार बारीक वाटेल, पण याच बारीक गोष्टींनी माणूस थकतो.

स्वयंपाकाची तर गंमतच होती. गावी आम्ही कधी चुलीपुढे बसलो नव्हतो. पहिल्या दिवशी भाकरी थापायला घेतली, ती परातीतून उचलतानाच तिचे तीन तुकडे झाले. तुकडे तसेच तव्यावर टाकले. वरून करपले, आतून कच्चे राहिले. ठेच्याशी खाल्ले. खाताना आई आठवली. दिवसभर निंदण करून आलेली आमची आई सहा माणसांच्या भाकरी थापायची आणि आम्ही 'आज भाजीत मीठ जास्त झालं' म्हणून ताट सरकवून उठायचो. तिने एकदाही विचारले नव्हते, की मीठ जास्त झाले तर तू का करत नाहीस? त्या रात्री करपलेले तुकडे चावताना आम्हाला आईच्या कष्टांचा पहिला धडा मिळाला. जमेल तशी भाकरी यायला दोन महिने लागले. पुढे तर स्टोची पिन मारणे, वात बदलणे, शर्टाला गुंड्या लावणे, सगळेच येऊ लागले.

कामाचे कष्ट सोसतात हो. लेथवर आठ तास उभे राहून पाय दुखतात, लोखंडाचा कीस बोटात जातो, ते सगळे झोपल्यावर जाते. जात नाही ती संध्याकाळ. दार उघडून आत यावे, तर सकाळी जिथे ठेवला होता तिथेच तांब्या. आपण उशिरा आलो काय आणि लवकर आलो काय, विचारणारे कोणी नाही. रविवार तर फार मोठा. शनिवारी सुट्टी झाल्यावर साहेबांना 'येतो' म्हटले, की सोमवारी सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. महिन्यातून एकदा पी.सी.ओ.वरून गावच्या किराणा दुकानात फोन करायचो. दुकानदार निरोप द्यायचा, आई धावत यायची. मीटरकडे डोळे लावून आम्ही म्हणायचो, "सगळं बरं आहे."

ती विचारायची, "फोटो लावला का?"

आम्ही म्हणायचो, "हो."

मालकीणकाकू मनाने चांगल्या होत्या, हे इथे लिहिलेच पाहिजे. सणावाराला वाटीभर काही तरी पाठवायच्या. 'एकटं पोरगं, काय करून खात असेल' म्हणायच्या. त्यांची वाटी हातात घेताना आम्हाला बरे वाटायचे आणि त्याच क्षणी घास अडकायचा. ही वाटी आम्हाला दिली आहे, की त्या आडनावाला? गणपतीत मालकांच्या घरी आरतीला बोलावले. नाही म्हणायला कारण सुचेना. गर्दीत मागे उभे राहिलो, तर कोणीतरी तबक हातात दिले. १९५६ साली नागपूरला आमच्या आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. गावी आमच्या घरात त्या कागदावर लिहून दाराजवळ लावलेल्या आहेत. आणि इथे आम्ही हातात तबक घेऊन उभे. कोणी जबरदस्ती केली नव्हती. दहा बाय दहाच्या खोलीसाठी आमचा हात आपणहून पुढे गेला होता. त्या रात्री ट्रंक उघडून फोटो पाहायचीही हिंमत झाली नाही.

त्यानंतर आम्ही रविवारी विहारात जाऊ लागलो. आमच्या चाळीपासून दोन बसथांबे पुढे आपली वस्ती होती, तिथे रविवारी सकाळी वंदना होत असे. चाळीत सांगायचो, मित्राकडे जातो. पांढरा शर्ट पिशवीत घालून न्यायचो आणि तिथे गेल्यावर बदलायचो. चोरी केल्यासारखे जायचे आणि चोरी केल्यासारखे यायचे. विहारात पुस्तकांचे एक लहान कपाट होते. रिटायर झालेले एक रेल्वे कामगार ते सांभाळत. सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांनी आम्हाला बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनाचे एक पातळ पुस्तक दिले.

त्यात बडोद्याची हकीकत आहे. पुष्कळांना ती माहीत आहे, पण एकट्या खोलीत बसून ती वाचणे वेगळे. १९१७ साल. न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. वरच्या मजल्यावर एकटे, रात्री मिणमिणता दिवा आणि सोबतीला वटवाघळे. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेऊन दहा-बारा पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली कर म्हणाले. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही गोड बोलून नकार दिला. बाबासाहेब कामाठी बागेत काही तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

ते वाचून आम्ही पुस्तक मिटले. आमच्या मनात पहिला विचार आला, की बाबासाहेबांनाही नाव लपवून राहावे लागले होते, मग आम्ही काय! थोडे हलके वाटले. पण जरा वेळाने दुसरा विचार आला. बाबासाहेबांनी ते लिहून ठेवले. जगाला सांगितले. आणि पुढचे सगळे आयुष्य, कोणालाच नाव लपवावे लागू नये, यासाठी घालवले. आम्ही मात्र लपवतच होतो. आणि लपवण्याची सवय व्हायला लागली होती.

मग ११ जुलै १९९७ चा दिवस आला. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. तो शुक्रवार होता. संध्याकाळी कामावरून आलो, तर चाळीच्या ओट्यावर चार-पाच जण बसून तेच बोलत होते. मालकही होते. त्यांच्यातला एक जण काही तरी बोलला आणि दोघे हसले. काय बोलला ते आम्ही इथे लिहीत नाही. आमच्या हातात रॉकेलची बाटली होती. मालक आमच्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का रे?" आम्ही मान हलवली आणि खोलीत येऊन दार लावले. पंपाचा स्टो जोरात पेटवला आणि त्यावर काहीच ठेवले नाही. स्टोचा आवाज मोठा असतो. बाहेर ऐकू जाऊ नये, म्हणून स्टो पेटवावा लागला.

गावी असतो तर घरात सगळे एकत्र बसले असते. वस्तीत असतो तर चार माणसांत उभे राहिलो असतो. एकटे राहणे म्हणजे काय, हे आम्हाला त्या दिवशी कळले. जेवायला सोबत नसणे हे एकटेपण नव्हे. आपल्या माणसांचे दुःख आपले म्हणता न येणे, हे खरे एकटेपण.

ऑगस्टच्या शेवटी शेवटी आम्हाला मलेरिया झाला. दुपारी थंडी वाजायची, गोधडीवर कपडे टाकले तरी थांबायची नाही. मग ताप चढायचा. पहिले दोन दिवस काकूंनी मऊ भात पाठवला. तिसऱ्या दिवशी रविवार होता. पहाटे नळ येऊन गेला, आम्हाला उठता आले नाही. माठ रिकामा होता. दुपारी बाराच्या सुमारास दार वाजले आणि बाहेरून खणखणीत आवाज आला, "जयभीम! आहेस का रे बाळा घरात?"

विहारातले दादा होते. बरोबर पांढऱ्या लुगड्यातल्या एक आजी. वंदनेला आलो नाही, म्हणून वर्कशॉपचे नाव विचारत, पत्ता काढत ते आले होते. चाळीत सुट्टीचा दिवस, सगळे दारात. आम्ही पडल्या पडल्या हळूच म्हणालो, "या." दादांना वाटले, ऐकू आले नाही. ते पुन्हा मोठ्याने म्हणाले, "जयभीम!" आमच्या अंगात ताप होता, डोके फिरत होते. पण ते दोन क्षण आम्हाला लख्ख आठवतात. शेजारच्या दारातली भांडी घासायची थांबली होती. आम्ही भिंतीला धरून उठलो आणि दारात जाऊन म्हणालो, "जयभीम, दादा."

बास, एवढेच झाले. आजींनी पदर खोचला, शेजारी न विचारता कोपऱ्यावरच्या नळावरून कळशी आणली, पेज केली. दादांनी रिक्षा आणून सरकारी दवाखान्यात नेले, रक्त तपासले, गोळ्या आणल्या. पुढचे चार दिवस वस्तीतून रोज कोणी ना कोणी येत होते. चाळीत येताना प्रत्येक जण 'जयभीम' म्हणत होता.

बरे झाल्यावर दादांनी आम्हाला तथागतांची एक गोष्ट सांगितली. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग भिक्खूंना बोलावून ते म्हणाले, की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? दादा म्हणाले, "पोरा, आईबापापासून लांब आलेल्यांसाठीच हे सांगितलंय असं समज."

एक तारखेला भाडे द्यायला गेलो. पैसे हातात दिले आणि म्हणालो, "काका, आम्ही बौद्ध आहोत."

"कळलं त्या दिवशी," मालक म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "तू आधी सांगायला पाहिजे होतंस."

"आधी सांगितलं असतं तर खोली दिली असती का?"

त्यांनी उत्तर दिले नाही. पैसे मोजत राहिले. आठ दिवसांनी निरोप आला, की पाहुणे येणार आहेत, महिनाअखेर खोली लागेल. भांडण नाही, शिवीगाळ नाही. डिपॉझिटचे पाच हजार त्यांनी पुरेपूर परत केले. काकूंची एक वाटी आमच्याकडे राहिली होती. ती घासून पुसून द्यायला गेलो, तेव्हा काकू दारात होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही. "तिथे ओट्यावर ठेव," म्हणाल्या. पण म्हणताना आमच्याकडे बघू शकल्या नाहीत. आम्हाला त्यांचा राग आला नाही. वाईट मात्र वाटले. अजूनही वाटते.

१ ऑक्टोबर १९९७ ला आम्ही वस्तीत राहायला गेलो. पत्र्याची खोली, उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात गळकी. पाण्याचे हाल तर पहिल्यापेक्षा जास्त. पण दादांकडून हातोडी आणली, खिळा ठोकला आणि आधी फोटो लावला. मग बाकीचे सामान काढले.

त्या वर्षी ६ डिसेंबरला गावची माणसे दादरला आली, त्यांत आई होती. शिवाजी पार्कपासून चैत्यभूमीपर्यंत रांग. त्या गर्दीत तिला शोधून काढले. दर्शन झाल्यावर तिला खोलीवर आणले. आत आल्या आल्या तिने फोटोला हात जोडले. मग फ्रेमवर बोट फिरवून बघितले. खेड्यातली बाई, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. काच कोरी होती, भिंतीवर काळपट चौकोन पडलेला नव्हता, खिळा नवा होता.

"हा कवा लावला?" तिने विचारले.

"ऑक्टोबरात."

ती मनाशी महिने मोजत असावी. आम्ही खाली बघत होतो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुह्या बाबाले नको सांगू." मग एकदम विचारले, "पानी किती वाजता येते इथं?"

त्या रात्री भाकरी आम्ही केली. आईला स्टोजवळ येऊ दिले नाही. भाकरी फुगलेली पाहून ती हसली आणि डोळे पुसून जेवायला बसली.

या गोष्टीला आता बराच काळ लोटला. शहर बदलले. आम्ही जिथे दीड महिना काढला, तसल्या बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आणि २०२५ साली वरळीच्या पहिल्या कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्याही मिळाल्या. मुलांच्या हातात मोबाइल आला, व्हिडिओ कॉलवर आई लेकाचे तोंड बघते. पण खोली शोधायला गेलेल्या मुलांना विचारा. पूर्ण नाव काय, गाव कुठले, मांसमच्छी खाता का, हे प्रश्न अजून संपलेले नाहीत. मोठ्या शिक्षणसंस्थांत तर आपली मुले किती एकटी पडतात, हे २०१६ साली रोहित वेमुलाच्या मृत्यूने साऱ्या देशाला दाखवून दिले. म्हणून शिकल्या-सवरल्या मुलांचे सगळे बरे चालले असेल, असे समजून गप्प बसू नका.

आमचे आईबापांना हात जोडून एवढेच सांगणे आहे. मुलगा असो की मुलगी, घर सोडण्याआधी त्याला भात, वरण, भाकरी यायला हवी. आपल्या घरात मुलींना हे शिकवावे लागत नाही, मुलांना मात्र मुद्दाम शिकवावे लागते. दुसरे, फोनवर पगार झाला का, अभ्यास झाला का, एवढेच विचारू नका. आज कोणाशी बोललास, तेही विचारा. आणि लेकराने परक्या शहरात नाव झाकले आहे असे कळले, तर त्याला लगेच धारेवर धरू नका. आमच्या आईने धरले नाही. डोक्यावर छप्पर हवे असते, वय कोवळे असते. त्याला रागावण्यापेक्षा, झाकावे लागणार नाही अशी जागा त्याला कशी मिळेल, ते बघा.

ती जागा आपणच देऊ शकतो. ज्यांचे शहरात घर आहे, त्यांनी महिन्यातून एका रविवारी एखाद्या एकट्या मुलाला किंवा मुलीला जेवायला बोलवावे. प्रत्येक विहारात एक साधी वही असावी. वस्तीत किंवा आसपास नवीन राहायला आलेल्या मुलामुलींची नावे, गावचा फोन नंबर आणि कामाचे किंवा कॉलेजचे ठिकाण त्यात लिहावे. तीन रविवार कोणी दिसले नाही, तर जाऊन दार वाजवावे. याला देणगी लागत नाही, पावतीपुस्तक लागत नाही. दादा गेले, पण त्यांची वही आमच्या विहारात अजून चालू आहे. आता ती आमच्याकडे असते.

या जूनमध्ये वाशीमकडची एक मुलगी नर्सिंग करायला आली. होस्टेलला जागा मिळेपर्यंत ती दोन महिने आमच्या घरी राहिली. आमच्या पत्नीने कपाटाचा एक कप्पा तिला रिकामा करून दिला. पहिल्या दिवशी तिने बॅग उघडली आणि बाबासाहेबांचा एक लहान फोटो काढून विचारले, "काकू, हा इथे लावू का?"

आमच्या पत्नी म्हणाल्या, "विचारतेस काय, लाव की."

आम्ही हातोडी शोधायला उठलो.

जयभीम!